लीद, काच आणि हिवाळी वाफा

कडाक्याच्या थंडीत भाजीचा वाफा जिवंत ठेवायचा, तर त्याला ऊब, उजेड आणि वाऱ्यापासून आडोसा या तिन्ही गोष्टी लागतात. परंतु उबेसाठी घातलेले झाकण उजेड अडवते, आणि ही अडचण सोडवण्यास लागणारा खर्च ज्याला परवडला, त्याच्याच ताटात युरोपात हिवाळी भाजी पोहोचली. सम्राट टायबेरियस (कारकीर्द इ.स. 14 ते 37) याला काकडीवर्गीय फळ रोज मिळावे म्हणून माळी चाकांवरचे वाफे उन्हात ढकलत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली आणून ठेवत, अशी नोंद रोमन लेखक प्लिनी याने केली आहे.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी ला कँतिनी याने व्हर्साय येथे 1678 ते 1683 या काळात दलदल बुजवून राजाची भाजीबाग उभारली. तिच्या उंच भिंती दिवसा ऊन शोषून रात्री ऊब सोडत आणि वादळी वाऱ्याचा जोर मोडत. मात्र सलग भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करत खाली उतरतो, त्यामुळे उघड्यावरच्या साध्या परसबागेत वाऱ्याला गाळून मंद करणारे झुडपांचे कुंपणच अधिक उपयोगी ठरते. ला कँतिनीची खरी भिस्त गरम वाफ्यावर, म्हणजे पेंढा मिसळलेल्या ताज्या लिदीच्या थरावर माती पसरून केलेल्या वाफ्यावर होती; लीद कुजताना निघणाऱ्या उष्णतेमुळे त्याला जानेवारीत सॅलडची पाने आणि मार्चअखेरीस स्ट्रॉबेरी काढता येई.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या भाजी उत्पादकांनी हेच तंत्र बाजारासाठी राबवले, कारण घोड्यांवर चालणाऱ्या त्या शहरात लिदीला तोटा नव्हता. मोरो आणि दाव्हेर्न यांनी 1845 मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत या व्यवसायाची रीत सविस्तर नोंदवली आहे. रोपांवर क्लोश, म्हणजे घंटेच्या आकाराचे काचेचे झाकण, पालथे घालत. रात्री गोठवणारी थंडी पडली की त्यावर पेंढ्याच्या चटया अंथरत, आणि ऊन चढल्यावर आतली रोपे उकडू नयेत म्हणून झाकणाची एक कड लाकडी टेकूवर उचलून ठेवत. गारपिटीपासून काच वाचवण्यासही त्याच चटया कामी येत.

मोटारींनी रस्त्यांवरून घोडे हटवले तशी शहरातली लीद आटली आणि गरम वाफाही मागे पडला. ऊब लिदीच्या थरातून येईनाशी झाली, तेव्हा सूर्याची ऊब धरून ठेवणाऱ्या काचेवरच भार आला. मेजर चेस याने 1912 मध्ये इंग्लंडमध्ये तारेच्या चौकटीत सपाट काचा बसवून, एकापुढे एक मांडता येणारे झाकण तयार केले, आणि दुसऱ्या महायुद्धात घरोघरी भाजी पिकवण्याची मोहीम निघाली तेव्हा अशी झाकणे सामान्यांच्या अंगणात आली. सम्राटासाठी माळ्यांचा ताफा जे करत असे, त्यातले पांघरण्याचे आणि उघडण्याचे काम आता घरच्याच माणसाला आभाळाकडे पाहून करावे लागू लागले.