काळ्या नळीचं दुसरं आयुष्य

तासगाव तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत ठिबकची नळी फुटायला लागली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. एप्रिलची खरड छाटणी झालेली, वेलींना नवी फूट आलेली, आणि मोटर सुरू केली की कुठल्या ना कुठल्या ओळीत कारंजं उडायचं. अण्णा खिशात जॉइंटर घेऊनच बागेत फिरायचे. एक चीर जोडली की चार हातांवर दुसरी. स्वस्तात घेतलेली ती नळी दुसऱ्याच उन्हाळ्यात इतकी कडक झाली होती, की वाकवली तर तडकायची. अण्णांनी निकाल देऊन टाकला, "रिसायकलचा माल हाय त्यो. भंगार ते भंगारच."

मला मात्र ते पटेना. कारण त्याआधीची नळी, दहा-बारा वर्षं टिकलेली, आम्हीच भंगारवाल्याला किलोवर घातली होती. चांगली नळी भंगारात गेली आणि भंगारातून वाईट नळी परत आली. मधे काय बिघडलं?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. 1933 साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन एक प्रयोग चालला होता. हवं होतं ते मिळालं नाही. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. तेच पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलवर चढलं. पुढे त्यात दोनेक टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळली की ते वर्षानुवर्षं ऊन सोसतं हे कळलं. अशी स्वस्त, लवचिक नळी मिळाली म्हणून ठिबक सिंचन शेतात उतरू शकलं. इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर 1965 साली हात्झेरिम किबुत्झमध्ये कंपनी उभी राहिली. 1980च्या दशकात ठिबक महाराष्ट्रात पसरू लागलं.

आमच्या दुष्काळी पट्ट्याला या नळीनं जगवलं. तासगाव, कवठेमहांकाळची द्राक्षं असोत की आटपाडीची आणि साताऱ्याकडे माण-खटावची डाळिंबं, सगळी तिच्यावर उभी आहेत. दोन ओळींत नऊ फूट अंतर धरलं, तर एका एकरात सुमारे दीड किलोमीटर नळी लागते. आणि प्रत्येक नळी कधी ना कधी म्हातारी होते.

म्हातारी झालेली वस्तू टाकून देणं आपल्याकडे नवीनच. जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची, जुन्या कपड्यांवर बोहारीण स्टीलचं भांडं द्यायची. प्लॅस्टिकची घागर चिरली तर तापल्या लोखंडानं तिला डाग देणारा माणूस गावात यायचा. पुण्यात 1993 साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्या नावात प्लॅस्टिक नाही. आज त्याच वेचकांच्या पोत्यात प्लॅस्टिक किती असतं, हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही रोज दिसतं.

कायद्याचा प्रवास तर आणखी बोलका आहे. 1999च्या केंद्रीय नियमांनी रिसायकल केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत खाद्यपदार्थ द्यायला बंदी घातली. नव्या प्लॅस्टिकची पिशवी पांढरी किंवा नैसर्गिक रंगाची, रिसायकलची मात्र रंगीत, असा भेदही केला. काळजी योग्यच होती, पण रंगीत म्हणजे हलकं हे गणित डोक्यात पक्कं बसलं. 2022 साली वारं फिरलं. पॅकेजिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकणारी मार्गदर्शक तत्त्वं आली. डबे-बाटल्यांसारख्या कडक पॅकेजिंगमध्ये 2025-26 पासून 30 टक्के रिसायकल प्लॅस्टिक वापरण्याचं लक्ष्य ठरलं. तेवीस वर्षांपूर्वी ज्याच्याकडे संशयानं पाहिलं, तेच आता वापरा म्हणून सांगितलं जात होतं.

पण ठिबकची नळी पॅकेजिंग नाही. म्हणून ती या जबाबदारीच्या बाहेर राहिली, आणि पुन्हा भंगारवाल्याच्या काट्यावर आली.

नोकरी लागल्यावर एकदा सुट्टीत ओळखीनं एका दाणा बनवणाऱ्या युनिटमध्ये गेलो. नळ्या कापतात, धुतात, वितळवतात, जाळीतून गाळतात, शेवयांसारखे धागे काढून पाण्यात थंड करतात आणि त्यांचे बारीक दाणे पाडतात. मला वाटलं होतं, कसब मशीनमध्ये असेल. ते दाराशी बसलेल्या बायकांच्या हातात होतं. तुकडा वाकवून, नखानं ओरखडून, वाजवून त्या ढीग वेगळे करत होत्या. शंका आली तर पाण्यात टाकायच्या: पॉलिथिन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. जाळलं तर पॉलिथिनला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो, पीव्हीसीचा धूर नाकाला झोंबतो आणि विषारीही असतो.

हे वेगळं करणं का महत्त्वाचं? पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला भावंडं, पण वितळवून एकत्र केली तरी नीट एकजीव होत नाहीत. जिथे सांधा, तिथे चीर. त्यात पीव्हीसीचा तुकडा गेला तर तो तापून आम्ल सोडतो. शिवाय उन्हानं आणि प्रत्येक वितळण्यानं प्लॅस्टिकच्या लांब साखळ्यांना इजा होत जाते. म्हणून चांगला कारखानदार दाण्यात नवा माल, ताजं कार्बन ब्लॅक आणि ऊन-उष्णतेपासून जपणारी रसायनं घालतो. वाईट कारखानदार फक्त काळा रंग घालतो. काळ्या रंगाखाली सगळंच खपतं. आमच्या बागेत तेच झालं असावं.

म्हणजे अण्णांचं निदान अर्धंच खरं होतं. नळी रिसायकलची होती म्हणून फुटली नाही. मिसळलेली होती म्हणून फुटली. 2020च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय एका शहराला लागू शकते, तर बांधावर काळी नळी, मल्चिंग पेपर आणि पीव्हीसीचे पाइप यांचे तीन ढीग करणं फार अवघड नाही. एकाच जातीच्या स्वच्छ नळ्यांच्या दाण्यातून रोपवाटिकेच्या पिशव्या, वायरिंगचे पाइप असा टिकाऊ माल निघतो. भंगारवाल्यानं स्वच्छ ढिगाला वेगळा भाव दिला, तर शेतकरी ढीग करतीलच.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तर शेडमागे जुन्या नळीची वेटोळी रचून ठेवलेली. जॉइंटर काढलेले, शेवटाची पीव्हीसी बाजूला. मी काही बोललो नाही. अण्णाच म्हणाले, "मिसळून दिली की परत आपल्याच बागंत येती ती."