चवदार तळे नगरपालिकेचे होते

महाडच्या संगराविषयी आमच्याकडे पुष्कळ लिहिले गेले, गायिले गेले. २० मार्च १९२७ चा तो दिवस, ओंजळीतले पाणी, त्यानंतर झालेली मारहाण, हे वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पण ते तळे कोणाच्या मालकीचे होते असे विचारले, तर चांगले शिकलेसवरलेले कार्यकर्तेही अडखळतात. तळे महाड नगरपालिकेचे होते. हा तपशील किरकोळ नव्हे. बाबासाहेब कोणाच्या खाजगी विहिरीवर गेले नव्हते. नगरपालिकेने स्वतः मंजूर केलेला आणि कागदावर पडून राहिलेला ठराव अंमलात आणायला ते गेले होते. नगरपालिका आणि आपला समाज यांच्या संबंधांचा इतिहास लिहायचा तर तो तिथून वाचावा लागतो. मी एका तालुक्याच्या गावी पाच वर्षे नगरसेवक म्हणून बसलो, तेव्हाही मला तो तिथूनच वाचावा लागला.

क्रम नीट पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांनी चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. सरकारने ती खात्याखात्यांना कळवली. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी भरता आले नाही. ठरावाच्या वहीत तळे खुले होते, तळ्याच्या काठावर ते बंद होते. ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा उभे राहावे लागले. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे ठराव पाळीत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे, असे त्यांचे म्हणणे होते. पैशाची नाडी आवळल्याशिवाय ही मंडळी हलायची नाहीत, हे त्या माणसाने बरोबर ओळखले होते. महाडला सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा आपल्या बाजूचा माणूस नगरपालिकेच्या कारभारात असूनही ठराव वहीतच राहिला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मग मार्च १९२७ ची परिषद झाली, लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. सवर्णांनी पंचगव्य ओतून तळे शुद्ध करून घेतले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. कोणी वापरीत नव्हते तोवर ठराव जिवंत होता, वापरला तेव्हा त्याला मूठमाती मिळाली! डिसेंबरात सनातनी मंडळी दिवाणी कोर्टात गेली आणि तळे खाजगी आहे म्हणाली. मनाईहुकूम आला, म्हणून २५ डिसेंबरच्या परिषदेला पुन्हा पाण्यावर जाता आले नाही. त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर बंदी ही अनादि काळची रूढी आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. म्हणजे १९२४ च्या ठरावापासून तेरा वर्षे. एका गावच्या एका तळ्यासाठी!

या इतिहासाच्या मागे अर्धे शतक गेले तर पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले दिसतात. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते सभासद होते. निवडून आलेले नव्हे, सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून १८८० साली स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सभागृहात एकट्या जोतीरावांनी विरोध केला. स्वतःच्या घरचा हौद त्यांनी १८६८ सालीच अस्पृश्यांना खुला केला होता. तेव्हा सार्वजनिक पैसा कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी सभागृहात जाऊन शोधून काढलेला नव्हता, घरून नेला होता. नेमणुकीच्या जागेवर बसूनही माणूस ताठ राहू शकतो, याचा हा पुरावा. परंतु जोतीरावांपाशी स्वतःचा व्यवसाय होता, चार पैसे होते. अस्पृश्यांमधून पुढे जे नेमले गेले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पायाखाली तेवढी जमीन नव्हती. नेमणारा नाराज झाला की खुर्ची गेली. आणि निवडणुकीने जावे म्हटले तर मत घरपट्टी भरणाऱ्याला, भाडे भरणाऱ्याला. मुंबईसारख्या शहरात प्रौढ मताधिकारावर महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. तोवर ज्याच्या हातात झाडू होता आणि जो नगरपालिकेचे गाव स्वच्छ ठेवीत होता, त्याच्या हातात नगरपालिकेचे मत नव्हते.

पुणे कराराबद्दल आपण बोलतो ते विधिमंडळातल्या १४८ जागांबद्दल. त्या कराराचे आठवे कलम मात्र फारसे कोणी वाचीत नाही. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत आणि सरकारी नोकऱ्यांत कोणी अस्पृश्य आहे म्हणून त्याला आडकाठी असू नये, आणि त्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे यासाठी सर्व प्रयत्न केले जावेत, असे ते कलम आहे. विधिमंडळासाठी आकडा, नगरपालिकेसाठी प्रयत्न. आकडा मोजता येतो. प्रयत्न कोणी मोजायचा? करार २४ सप्टेंबर १९३२ चा. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तोच ६ ऑक्टोबरला बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलायला उभे राहिले. गावात मूठभर असलेल्या अस्पृश्यांना नुसता प्रौढ मताधिकार पुरणार नाही, राखीव जागा हव्यात, अशी त्यांची भूमिका होती. जिथे समोरासमोर राहायचे, ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे आणि ज्याच्या दुकानातून उधार आणायचे, त्याच्याच विरोधात मत द्यायचे, ही गोष्ट मुंबईच्या कायदेमंडळापेक्षा गावच्या चावडीवर कितीतरी अवघड असते. मधल्या काळात राज्यांच्या कायद्यांत राखीव जागा आल्या. पण नगरपालिकांतल्या राखीव जागांना घटनेचा आधार मिळाला तो १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, आणि ती अंमलात आली १ जून १९९३ रोजी. प्रयत्नांना साठ वर्षे लागली.

मुंबईचे उदाहरण निराळे आणि अभिमानाचे आहे. बाबासाहेबांनी १९३५ साली म्युनिसिपल कामगार संघ काढला तेव्हा महापालिका ही आपल्या लोकांची मालक होती, प्रतिनिधी नव्हे. चोवीस वर्षांनी, १९५९ साली, त्याच महापालिकेच्या महापौरपदी पी. टी. बोराळे बसले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका जिंकली, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीत होते, त्यातून हे घडले. ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांच्यातला माणूस शहराचा पहिला नागरिक झाला, हे लहान काम नव्हे. परंतु १८८८ च्या कायद्याने मुंबईत कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती ठेवली आहेत. महापौराच्या अंगावर झगा आहे, हातात फाईल नाही. आणि त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीन लोक जमिनीसाठी सत्याग्रह करीत तुरुंगात जात होते. या दोन चित्रांपैकी एकच भिंतीवर लावायचे, अशी खोड आपल्याला लागली आहे. दोन्ही लावली पाहिजेत.

आता माझ्याबद्दल थोडे, कारण सभागृह आतून कसे चालते हे वाचून कळत नाही. घटनादुरुस्तीनंतरच्या निवडणुकीत मी उभा राहिलो. वॉर्डात बौद्धवाडा, मातंगांची घरे, सफाई कामगारांच्या चाळी आणि त्यांच्यापुढे व्यापाऱ्यांची एक लांब गल्ली. जलवाहिनी त्या गल्लीच्या टोकाला येऊन थांबली होती. पहिल्याच वर्षी मी पाईप पुढे नेण्याचा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. अभिनंदन झाले, चहा झाला. इतिवृत्त हातात आले तेव्हा खाली चार शब्द जादा होते: ‘निधीच्या उपलब्धतेनुसार काम घ्यावे.’ मला महाडचे १९२४ साल आठवले. एकमताने झालेल्या ठरावाची मला तेव्हापासून धास्ती वाटते. विरोध झाला असता तर कोणाला तरी पैशाचा हिशेब सांगावा लागला असता.

नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातला पाच टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्चावा असा नियम आहे. मी मागच्या वर्षाचा खर्च मागितला. त्या पैशातून गावाच्या वेशीवर स्वागत कमान झाली होती आणि बागेत बाकडी बसली होती. बागेत मागासवर्गीयही बसतात, असे मला सांगण्यात आले! उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच त्यात काही गैर दिसत नव्हते. पुढल्या वर्षी अंदाजपत्रकाआधी वस्तीतल्या बाया घरपट्टीच्या पावत्या घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या दारात बसल्या. कित्येकींच्या घराचा उतारा नव्हता, जागा गायरानाची, पण घरपट्टी मात्र नगरपालिका वर्षानुवर्षे घेत होती. पैसे घेताना घर दिसते आणि नळ देताना दिसत नाही, हा त्यांचा सवाल माझ्या भाषणापेक्षा नेमका होता. त्या वर्षी अंदाजपत्रकात कामाला स्वतंत्र शीर्षक मिळाले, रक्कम पडली, आणि पाईप आला. ठराव आणि अंदाजपत्रकाचे शीर्षक यांतला फरक मी त्या बायांकडून शिकलो.

चाळींचा प्रश्न याहून अवघड होता आणि तो मला अजून सुटलेला नाही. सफाई कामगाराला राहायला मिळालेली खोली नोकरीशी बांधलेली असते. तो निवृत्त झाला की खोली जाते. म्हणून माझ्याकडे सर्वांत जास्त अर्ज आले ते लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी मिळावी म्हणून. बाप झाडूवर, आता मुलगा झाडूवर. मुलगा बारावी झालेला, कधी पदवीधर. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने ही परंपरा पुढे चालवायला हातभार लावावा काय? व्यासपीठावर याचे उत्तर सोपे आहे. आई पदराखाली फाईल घेऊन दारात उभी राहते आणि पुढल्या महिन्यात छप्पर जायचे असते, तेव्हा ते सोपे राहात नाही. मी ते सारे अर्ज पुढे रेटले. त्याचबरोबर खोल्या राहणाऱ्यांच्या नावे कराव्यात ही मागणी प्रत्येक वर्षी मांडली, ती प्रत्येक वर्षी विचारार्थ ठेवली गेली. घर नोकरीपासून सुटल्याशिवाय पोर झाडूपासून सुटायचे नाही, असे माझे मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी एकदा त्या चाळीत जाऊन बोलावे.

पाच वर्षांनी वॉर्ड फिरला. राखीव जागा दुसऱ्या वॉर्डात गेली, आणि अर्धी राहिलेली गटारे जशीच्या तशी राहिली. आरक्षणाच्या फिरतीमागे न्याय आहे हे मान्य. एकाच भागाने कायमचे राखीव राहू नये. पण वस्ती फिरत नाही. त्यात प्रभाग मोठे झाले. २०१७ च्या निवडणुकांत मुंबई वगळता महापालिकांत चार-चार सदस्यांचे प्रभाग होते. राखीव जागेचा उमेदवार वस्तीतला, मते साऱ्या प्रभागाची, आणि त्याचे नाव ठरते पॅनेलच्या पुढाऱ्याच्या घरी. संयुक्त मतदारसंघाचा जुना प्रश्न गल्लीच्या पातळीवर येऊन बसला आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी पुणे करारावर प्रबंध लिहिताना एखाद्या प्रभागाची मतदारयादीही हाती घ्यावी.

स्त्रियांच्या जागांबद्दलही बोलायला हवे. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. सभागृहात बाई आणि बाहेर कठड्याला टेकून तिचा नवरा, हे दृश्य सांगून हसणारे पुष्कळ भेटतात. पाण्याच्या वेळा, शौचालयाचे दार, अंगणवाडीची जागा, हे विषय सभागृहात कोणी आणले, हे त्यांनी इतिवृत्तात पाहावे. आमच्या सभागृहात ते बायांनीच आणले.

आणि सभागृहच नसेल तर? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचा कारभार राहिला. राज्यातल्या इतर अनेक शहरांचीही गत तीच झाली. त्या काळात शहरांनी अंदाजपत्रके केली, कंत्राटे दिली, रस्ते खणले. राखीव जागा घटनेत होत्या, त्यावर बसायला कोणी नव्हते. याविरुद्ध आपल्या संघटनांनी मोर्चे काढल्याचे मला फारसे आठवत नाही. पुतळ्याच्या जागेसाठी मात्र काढले. दोन्हींसाठी निघायला हवे होते.

माझ्या गावच्या नगरपालिकेत जुन्या ठरावांच्या वह्या एका कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे, पण नक्कल मागितली तर फी भरून मिळते. माझ्या आधीच्या चाळीस वर्षांत वस्तीच्या पाण्याविषयी किती ठराव झाले, हे मी तिथे मोजायला घेतले आहे. आतापर्यंत अकरा सापडले, सारे एकमताने मंजूर.