इमॅक्युलेट: आत्म्यावरून शर्टावर

परवा बाबांच्या डोळ्यांच्या रिपोर्टमध्ये 'मॅक्युला' शब्द दिसला आणि ट्यूब पेटली. अरे, हा तर 'इमॅक्युलेट'मधलाच!

लॅटिनमध्ये मॅक्युला म्हणजे डाग. त्याला नकार जोडला की डाग नसलेला, थेट आपला 'निष्कलंक'च. इंग्रजीत हा शब्द १५व्या शतकात आला, तो निष्पाप या धार्मिक अर्थाने. पोप पायस नववे यांनी ८ डिसेंबर १८५४ला 'इमॅक्युलेट कन्सेप्शन'चा सिद्धान्त जाहीर केला. तो येशूच्या जन्माबद्दल आहे असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पण तो आहे मेरीबद्दल: आईच्या पोटात आली त्या क्षणापासून तिच्यावर मूळ पापाचा डाग नव्हता. पणजीचं ते पायऱ्यांचं पांढरं चर्च याच नावाचं.

पुढे शब्द आत्म्यावरून कपड्यांवर उतरला. आता शर्ट इमॅक्युलेट असतो, किचन असतं, बॅट्समनचा डिफेन्सही असतो. आपला 'निष्कलंक' मात्र चारित्र्यापाशीच थांबला. शर्टाला आपण पांढराशुभ्र म्हणतो, नाहीतर परीटघडीचा.

आणि डोळ्यातला मॅक्युला? पडद्याच्या मधोमध असलेला पिवळसर ठिपका. आपण अक्षरं वाचतो, चेहरे ओळखतो ते त्याच्या जोरावर. तो बिघडला की नेमकं समोरचंच धूसर होतं. बाबांना पेपरातल्या ओळी वाकड्या दिसत होत्या, त्या यामुळेच.

थोडक्यात काय, डोळा इमॅक्युलेट असून चालत नाही. बाबांचा हा डाग टिकावा, एवढंच.