गडग्यावर फड्या नको!

आमच्या गावच्या घराचा दगडी गडगा दिवसभर उन्हात तापतो. पाणी घालायला कुणी नाही, म्हणून म्हटलं फड्या निवडुंग लावू. आजी म्हणाली, "तो नको रे. माझे वडील सांगायचे, त्याने रानंच्या रानं गिळली होती."

मग बसलो शोधत. फड्या मुळात आपला नाहीच, अमेरिकेचा. त्यावर कोचिनील नावाचा किडा पोसतो. तो वाळवून महागडा लाल रंग मिळायचा, आणि हा धंदा मेक्सिकोत स्पेनच्या मुठीत होता. ईस्ट इंडिया कंपनीलाही तो हवा होता. १७९५ साली ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आले, पण जात चुकली! रंग हलका निघाला आणि किड्यांनी निवडुंगच फस्त केला. धंदा बुडाला, पण पुढे निवडुंग मारायला हाच किडा मुद्दाम सोडू लागले. दक्षिणेतल्या दुसऱ्या जातीच्या फड्याला मात्र तो शिवेना. तिच्यासाठी १९२६ साली सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेहून, वेगळा किडा आणावा लागला.

एवढा त्रास का? फड्याचा एक फड तुटून पडला, की तिथेच मुळं धरतो.

कोरफडीची पिल्लं बुडाशीच फुटतात, काढून वाटता येतात. फटीत वाळूमिश्रित माती घालायची, पाणी साचू द्यायचं नाही, बस्स. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडीही मनात आहे. उन्हाळ्यात ती पानं गाळून जाड खोडावर तग धरते. पण दुर्मीळ आहे हं, कड्यावरून उपटू नका! फांदीपासून रोप होतं, नर्सरीत विचारा.

आजीला कोरफड पसंत आहे. तिने दोन पिल्लं आधीच काढून ठेवली होती.