एम-१४ चा धक्का : खेळातील एक आकडा आणि एका रायफलीचा पराभव

#थ्रेड

१/ ‘आर्मा ३’ या लष्करी संगणकीय खेळासाठी मी व्हिएतनाम युद्धातील एम-१४ रायफलीचे ॲडऑन करीत होतो. आकार, आवाज, लाकडी दस्त्याचा रंग, सारे जुळले. धक्क्याचे, म्हणजे रिकॉइलचे आकडे मात्र आळसापोटी खेळातल्याच एका तयार रायफलीवरून उचलले. चाचणीत वीस गोळ्या सलग झाडल्या आणि बहुतेक लक्ष्यावर बसल्या. मित्र खूश झाले, मी मात्र अस्वस्थ. एम-१४ खरोखर इतकी सोशिक असती, तर ती मागे पडण्याचे एक मोठे कारणच उरले नसते.

२/ त्यासाठी थोडे मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी .२८० इंची मध्यम ताकदीचे काडतूस आणि त्यासाठी ईएम-२ ही रायफल सिद्ध केली. सलग गोळीबारातही सैनिकाला शस्त्र आवरता यावे, हा त्यामागचा एक विचार. अमेरिकी शस्त्रविभागातील कर्नल रेने स्टडलर यांना मात्र पूर्ण ताकदीचेच काडतूस हवे होते. १९५१ मध्ये ॲटली सरकारने ईएम-२ स्वीकारली. त्याच वर्षी चर्चिल सत्तेवर परतले आणि तो निर्णय फिरला. नाटोचे मानक ठरले ते अमेरिकी वळणाचे ७.६२ मिमी काडतूस.

३/ १९५७ मध्ये अमेरिकेने त्याच काडतुसाची एम-१४ स्वीकारली. गॅरंड रायफल, कार्बाइन, सबमशीनगन आणि बार ही हलकी मशीनगन, या साऱ्यांची जागा या एकाच शस्त्राने घ्यावी अशी अपेक्षा होती. अपेक्षा कागदावर शोभून दिसते. साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटते आणि मिनिटाला सातशेहून अधिक वेगाने तसे धक्के बसत राहिले, की नळीचे तोंड आकाशाकडे जाऊ लागते. परिणामी बहुतेक एम-१४ सलग गोळीबाराचा खटका बंद करूनच सैनिकांना दिल्या गेल्या. १९६३ मध्ये संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी तिचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला.

४/ एम-१६ ची गोळी साडेतीन ग्रॅमची. वेग जास्त असला तरी ढोबळ गणिताने धक्क्याची ऊर्जा एम-१४ च्या एक-तृतीयांशाच्या आसपास येते. शिवाय तिचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्याने धक्का थेट खांद्यात जातो. एम-१४ चा दस्ता खाली उतरलेला; त्यामुळे प्रत्येक धक्का रायफलीला वर फिरवतो. (एम-१६ जिंकली ती केवळ यामुळे नव्हे. काडतुसाचे वजन निम्मे असल्याने सैनिक दुप्पट गोळ्या बाळगू शके. आणि सुरुवातीच्या एम-१६ अडकत, हेही विसरू नये.)

५/ खेळाच्या फाइलमध्ये हा फरक दोन वेगळ्या जागी लिहावा लागतो. ‘किकबॅक’ म्हणजे शस्त्र मागे किती सरकते. ‘मझलआउटर’ या चार आकड्यांत नळीचे तोंड कोणत्या दिशेला आणि किती विस्तारात उडते ते ठरते. ‘परमनंट’ हा नेम कायमचा किती ढळतो ते सांगतो. सगळे आकडे सरसकट दुप्पट केले, तर रायफल नुसती दांडगी वाटते. एम-१४ वाटत नाही. मी किकबॅक थोडाच वाढवला. खरी वाढ केली ती नळीच्या उभ्या उसळीत आणि ‘परमनंट’मध्ये.

६/ आता तिसरी गोळी लक्ष्याच्या डोक्यावरून जाते. मित्रांची तक्रार आहे, की मी चांगली रायफल बिघडवली. तडजोड म्हणून ॲडऑनमध्ये दोन एम-१४ ठेवल्या आहेत. नेहमीची फक्त एकेरी गोळीबाराची. दुसरी खटका सुटा असलेली. दुसरी घेणाऱ्याने पहिल्या तीन गोळ्यांतच काय ते साधावे.