चाळिशी आणि बालपण

मराठीने चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव वयावरून दिले. नागपुरातल्या पाचवीच्या मुलाच्या चष्म्याला ते लागू पडत नाही. तरीही वाढती निकटदृष्टिता रोखण्याचा एक मोठा प्रयोग चाळिशीच्याच भिंगांवर झाला. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या प्रयोगातील ४६९ मुलांपैकी निम्म्यांना प्रौढांची प्रोग्रेसिव्ह भिंगे दिली गेली. तीन वर्षांत फरक पडला तो अवघा ०.२० डायॉप्टरचा. मग लक्ष दृष्टिपटलाच्या कडांकडे वळले. हाँगकाँगमध्ये २०१४ ते २०१७ या काळात मध्यभाग नितळ आणि भोवती शेकडो सूक्ष्म भिंगे असलेला चष्मा १६० मुलांवर पारखला गेला. साध्या चष्म्याने दोन वर्षांत नंबर सरासरी ०.८५ने वाढला, नव्याने ०.४१ने. तुलनेसाठी साधा चष्मा लावणाऱ्यांनाही पुढे नवी भिंगे मिळाली. लांबलेला नेत्रगोल मात्र मागे येत नाही. पुराव्याची किंमत बालपणानेच मोजली.