एका गुणाचा पराभव

जिंकलेल्या लढाईपेक्षा हरलेली लढाई लोकांच्या तोंडी अधिक काळ राहते, हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. पानिपताला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. परंतु चार मंडळी जमली आणि विषय निघाला, की भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरावयास नको होते, हे तितक्याच तळमळीने सांगणारा एखादा आजही निघतोच. खेळातली हार म्हणजे काही पानिपत नव्हे. तेथे कोणाचे प्राण जात नाहीत की राज्य बुडत नाही. तरीही एखादी हार अशा रीतीने पदरी येते, की तिचा हिशेब पिढ्या उलटल्या तरी मिटत नाही.

अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का नावाचे राज्य आहे. तेथल्या लोकांच्या मनात अशी एक हार चाळीस वर्षांहून अधिक काळ घर करून बसली आहे. २ जानेवारी १९८४ च्या रात्री, मायामी शहरात, त्यांच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ अवघ्या एका गुणाने हरला : ३१ विरुद्ध ३०. या सामन्याचे मला कुतूहल वाटते, ते गुणांच्या फरकामुळे नव्हे. ही हार टाळणे त्यांच्या हाती होते. बरोबरी दारात हात जोडून उभी होती, आणि त्या बरोबरीतूनही राष्ट्रीय अजिंक्यपद बहुधा मिळून गेले असते. ती बरोबरी त्यांनी नाकारली.

आधी या लोकांची ओळख करून घेतली पाहिजे. नेब्रास्का हा मक्याचा मुलूख. संघाचे नावही 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. १९८० च्या शिरगणतीत साऱ्या राज्याची लोकसंख्या सोळा लाखांच्या आतच होती. पैसे घेऊन खेळणारा एकही मोठा फुटबॉल संघ तेथे नाही. त्यामुळे शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत साऱ्यांची माया लिंकन शहरातल्या विद्यापीठाच्या पोरांवर. सामन्याच्या दिवशी क्रीडागारात सत्तर हजारांहून अधिक माणसे तांबडे कपडे घालून बसतात, आणि ओमाहा व लिंकन ही दोन शहरे सोडली तर राज्यातले तिसरे मोठे शहर त्या दिवशी तेच, असे तेथले लोक अभिमानाने सांगतात. १९६२ च्या नोव्हेंबरपासून तेथील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे खपत आली, आणि सामन्यांची ही संख्या २०२४ साली चारशेवर गेली. मौज अशी, की या अखंड परंपरेतला पहिलाच सामना नेब्रास्का हरली होती!

हे क्रीडागार १९२३ साली उभे राहिले, ते युद्धांत कामी आलेल्या नेब्रास्काच्या सैनिकांचे स्मारक म्हणून. त्याच्या भिंतीवर हार्टली बर अलेक्झांडर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी रचलेली वचने कोरली आहेत. त्यांतल्या एकाचा आशय असा, की मोल विजयाला नाही, कृतीला आहे. खरी कीर्ती केलेल्या कर्मातच असते. गीतेचा दुसरा अध्याय ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे ओळखीचे वाटेल. भिंतीवर कोरणे सोपे. तसे वागण्याची वेळ येते तेव्हाच वचनाची आणि माणसांचीही परीक्षा होते. ती वेळ साठ वर्षांनी आली.

आता थोडे खेळाविषयी. हा फुटबॉल म्हणजे गोव्यात किंवा कलकत्त्यात खेळतात तो नव्हे. चेंडू लांबट, आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळायचा. अकरा गडी चेंडू घेऊन पुढे सरकू पाहतात, समोरचे अकरा त्यांना भुईवर पाडतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड मजल मारली तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही मारली तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, की 'टचडाउन' होऊन सहा गुण मिळतात. त्यावर वरकमाईची एक संधी असते. चेंडू लाथेने खांबांमधून उडविला तर एक गुण. हे काम सहसा चुकत नाही. परंतु १९५८ पासून कॉलेजच्या खेळात दुसरीही मुभा आहे : तीन यार्डांवरून चेंडू पुन्हा रेषेपलीकडे नेला तर दोन गुण. यात मात्र फसण्याचा संभव मोठा. हा एक आणि दोनचा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. सारी कथा त्यावरच उभी आहे.

१९८३ चा नेब्रास्काचा संघ काही विलक्षणच होता. आदल्या वर्षी पेन स्टेटकडून २७–२४ असा निसटता पराभव पत्करल्यानंतर तो सलग २२ सामने जिंकला होता. या हंगामातल्या बारा सामन्यांत त्याने ६२४ गुण केले, म्हणजे सामन्यास सरासरी बावन्न. मिनेसोटाविरुद्ध तर ८४! टर्नर गिल हा त्यांचा सूत्रधार. माइक रोझियर धावण्यात असा तरबेज, की त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन चषक त्यालाच मिळाला. जोडीला चेंडू झेलणारा आयर्व्हिंग फ्रायर. त्यांचे प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न हे याच राज्यातल्या हेस्टिंग्ज गावचे, शैक्षणिक मानसशास्त्राचे डॉक्टर, मितभाषी गृहस्थ. त्यांच्या आधीच्या बॉब डेव्हानी यांनी १९७० आणि १९७१ अशी दोन अजिंक्यपदे आणली होती. ऑस्बर्न यांचे हे अकरावे वर्ष, आणि पदरी एकही नाही. मोठा सामना आला की यांची गाडी अडते, अशी कुजबुज चालू होतीच.

त्या काळी अजिंक्यपद ठरविण्याची रीतही चमत्कारिक होती. अंतिम सामना असा नसेच. हंगाम संपल्यावर वार्ताहरांचे एक आणि प्रशिक्षकांचे एक मतदान होई, आणि ते ज्याला पहिला म्हणतील तो पहिला. नेब्रास्का पहिल्या क्रमांकावर, मायामी पाचव्या. त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या क्रमांकाचा टेक्सास संघ जॉर्जियाकडून १०–९ असा हरला. चौथ्या क्रमांकाच्या इलिनॉयचाही धुव्वा उडाला. तेव्हा नेब्रास्काने नुसती बरोबरी साधली असती, तरी ती अपराजित राहती आणि मते तिच्याच पारड्यात पडती, हे उघड होते.

सामना मायामीच्याच मैदानावर. वीस वर्षांच्या बर्नी कोसारने पहिल्याच सत्रात असे काही चेंडू फेकले, की फलक १७–० झाला. मग नेब्रास्काने एक गंमत केली. गिलने चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवून दिला. सारे गडी एका बाजूला धावले, आणि डीन स्टाइनकूलर नावाच्या धिप्पाड गड्याने तो हळूच उचलून दुसऱ्या बाजूने एकोणीस यार्ड नेला! पुढे १७–१७ अशी बरोबरीही झाली. परंतु रोझियरचा घोटा दुखावला आणि तो बाहेर बसला. मायामीने पुन्हा दोनदा रेषा ओलांडली : ३१–१७.

शेवटच्या सत्रात नेब्रास्काने एक टचडाउन करून वर लाथेचा एक गुण मिळविला : ३१–२४. अखेरची दोन मिनिटेही उरली नसताना चेंडू पुन्हा त्यांच्या हाती आला. फ्रायरच्या हातात रेषेपलीकडे, अगदी मोकळ्यावर आलेला चेंडू निसटला. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न. आठ यार्ड हवे होते. गिलने चेंडू रोझियरच्या जागी आलेल्या जेफ स्मिथकडे टाकला, आणि तो चोवीस यार्ड धावत थेट पलीकडे गेला. ३१–३०. घड्याळात ४८ सेकंद.

एक लाथ मारली असती तर बरोबरी. ऑस्बर्न यांनी दोन बोटांचा डाव निवडला. मी त्या क्षणाची चित्रफीत अनेकदा पाहिली आहे. तीत कोठे घुटमळ दिसत नाही. गिल उजवीकडे सरकला, त्याने स्मिथकडे चेंडू फेकला, आणि मायामीच्या केनी कॅल्हूनच्या बोटांचा त्याला निसटता स्पर्श झाला. चेंडू भुईवर पडला. मतदानात मायामी पाचव्या क्रमांकावरून पहिली आली, नेब्रास्का दुसरी.

तेव्हापासून या राज्यात वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, उत्तम केले. आपण जिंकायला गेलो होतो, बरोबरी मागायला नव्हे. खुद्द ऑस्बर्न यांनीही पुढे याच आशयाचे सांगितले. हा पक्ष १९६६ सालचा दाखला देतो. त्या वर्षी नोट्र डेम आणि मिशिगन स्टेट यांच्या सामन्यात १०–१० अशी स्थिती असताना नोट्र डेमचे प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी अखेरची चढाई संथपणे खेळून वेळ काढला. अजिंक्यपद त्यांनाच मिळाले. परंतु त्या दिवसाचा जाब त्यांना जन्मभर विचारला गेला.

दुसरा पक्ष हिशेबी. तो म्हणतो, धाडसच करावयाचे तर ते आधीच्या टचडाउनला करावे. मी कागदावर मांडून पाहिले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चौदा गुण भरून काढायचे आहेत. पहिल्या वेळी दोन मिळाले, तर दुसऱ्या वेळी साध्या लाथेने विजय. पहिल्या वेळी फसले, तरी दुसऱ्या वेळी दोन मिळवून बरोबरीचा मार्ग खुला राहतो. उलट क्रमाने धाडस केले तर पुढची संधीच उरत नाही.

तिसरे म्हणणे मात्र मला सर्वांत बोचते. तत्त्व प्रशिक्षकांचे, किंमत कोणी मोजली? गिल, रोझियर, फ्रायर यांचे कॉलेजातले ते शेवटचे वर्ष होते. प्रशिक्षकांना पुढची वर्षे होती, या मुलांना नव्हती. इतिहासाने हे म्हणणे खरेही करून दाखविले. १ जानेवारी १९९४ रोजी १८–१६ अशी आणखी एक निसटती हार सोसल्यावर, बरोबर एक वर्षाने, त्याच मायामीत, त्याच मैदानावर, त्याच मायामी संघाला २४–१७ असे हरवून ऑस्बर्न यांनी पहिले अजिंक्यपद मिळविले. मग १९९५ आणि १९९७ च्या हंगामांतही. ज्यांनी ती रात्र सोसली, त्यांच्या वाट्याला खेळाडू म्हणून काहीच आले नाही.

पण येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तो टर्नर गिल १९९२ साली ऑस्बर्न यांच्याच हाताखाली साहाय्यक प्रशिक्षक म्हणून परत आला, आणि तिन्ही अजिंक्यपदांच्या वेळी त्यांच्या शेजारी उभा होता. ज्याच्या हातून तो चेंडू सुटला, त्याच्या मनात अढी असती तर तो आलाच नसता, असे मला वाटते. आणि १९९६ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये जादा खेळाचा नियम आला. बरोबरी हा शब्दच त्या खेळातून गेला. तसा प्रसंग आता पुन्हा कोणावर येणे नाही.

पुढची तीन अजिंक्यपदे मिळाली नसती, तर लोकांनी त्या निर्णयाला एवढा मान दिला असता काय? शंका रास्त आहे. लोक ऑस्बर्न यांचे आंधळे भक्तही नव्हेत : त्यांनी त्यांना अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये तीनदा निवडून दिले, आणि २००६ साली राज्यपालपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत पाडलेही. परंतु या प्रेक्षकांची एक जुनी रीत आहे. पाहुणा संघ जिंकून मैदानाबाहेर जाऊ लागला, की हे उठून त्याला टाळ्या देतात. १९८० साली फ्लॉरिडा स्टेटने त्यांना त्यांच्याच घरी १८–१४ असे हरविले, तेव्हाही दिल्या. त्या संघाचे प्रशिक्षक बॉबी बाउडेन इतके भारावले, की त्यांनी या प्रेक्षकांची स्तुती करणारे जाहीर पत्र लिहिले. हे त्या रात्रीच्या आधीचे, आणि अजिंक्यपदांच्या तर पुष्कळच आधीचे. म्हणजे हार पाहण्याची नजर या लोकांपाशी पूर्वीपासून होती. ऑस्बर्न यांनी त्या नजरेवर भरवसा ठेवला, एवढेच.

वाद मिटलेला नाही, आणि मिटू नये. मुलांच्या वाट्याचे गेले ते गेलेच. त्याची भरपाई कोणत्याही सुभाषिताने होत नाही. मात्र त्या वर्षीच्या अनेक विजयांचे आकडे आता फक्त जाणकारांनाच ठाऊक आहेत, आणि हा एका गुणाचा पराभव तेथे बाप आपल्या मुलाला समजावून सांगतो, आणि शेवटी विचारतो : तू असतास तर काय केले असतेस?